आधीच विसरायला लागले होते, त्यात लकवा: आता किती आशा ठेवायची?

प्रश्न थोडक्यात असा: सासरे, ज्यांना घरात सगळे आप्पा म्हणतात, वय ७६, वीज मंडळातून निवृत्त, घर इंदूरला राजेंद्रनगरात. दोन-अडीच वर्षांपासून विसरायला लागले होते. दुधाचा हिशेब चुकायचा, एकच गोष्ट तासाभरात तीनदा विचारायचे. सहा दिवसांपूर्वी मेंदूच्या डाव्या भागात गुठळी अडकली, उजवी बाजू लुळी पडली आणि बोलणं गेल्यातच जमा झालं. रुग्णालयात सांगितलं गेलं की यांना आधीपासूनच डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) आहे, फार अपेक्षा ठेवू नका. पुण्याचे दीर म्हणतात, आप्पा तर ठणठणीत होते. सूनबाईंनी विचारलं आहे की आधीच्या विसरण्यानं लकव्यानंतरचं आयुष्य खरंच कमी होतं का, आणि आपल्या हातात काही उरतं का.

ताई, पहिल्या प्रश्नाचं उत्तर होय असंच आहे. ज्यांची बुद्धी आणि स्मरण लकव्याआधीच घसरू लागलेलं असतं, ते नंतर कमी जगतात, आणि जगले तरी दुसऱ्यावर जास्त अवलंबून राहतात. हे अनेक देशांत पुन:पुन्हा दिसलं आहे. पण तुम्हाला जे एक वाक्य ऐकवलं, त्यात दोन निराळ्या गोष्टी मिसळल्या आहेत. मेंदूचं आधी झालेलं नुकसान, ही एक. असा रुग्ण समोर आला की घरचे आणि आम्ही डॉक्टर मंडळी त्याच्या बाबतीत जिथे जिथे ढिले पडतो, ती दुसरी. पहिलीवर आज इलाज नाही. दुसरीवर आहे, आणि पहिला आठवडा ओलांडल्यावर जी माणसं जातात त्यांच्यात या दुसरीचा वाटा मोठा असतो. आप्पा आज सहाव्या दिवशी आहेत, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

आधी आकडे, फार नाहीत. ऑक्सफर्डच्या पेंडलबरी आणि रॉथवेल यांनी २००९ मध्ये तोवरचे अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा पहिल्या स्ट्रोकच्या, म्हणजे लकव्याच्या झटक्याच्या, रुग्णांत साधारण दहात एकाला डिमेन्शिया आधीपासूनच होता. फ्रान्समधल्या लील शहरात १९९७ साली दोनशेच्या वर रुग्णांच्या नातेवाइकांना विचारून काढलेलं प्रमाण १६ टक्के निघालं, आणि त्यातल्या बऱ्याच घरांत निदान तोवर कुणी केलेलंच नव्हतं. आपल्याकडे साठीपुढच्या माणसांत डिमेन्शियाचं प्रमाण ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसं, असा देशव्यापी पाहणीचा अंदाज २०२३ मध्ये आला. तेव्हा आप्पांसारखा रुग्ण विरळा नाही. लकव्याच्या वॉर्डात तो रोज दिसतो.

मला सगळ्यांत बोलका वाटतो तो अमेरिकेतला अभ्यास. तिथे पन्नाशीपुढच्या हजारो लोकांची दर दोन वर्षांनी स्मरणशक्ती तपासली जाते. २०१२ मध्ये त्यातून असं दिसलं की ज्यांना पुढे स्ट्रोक झाला त्यांची स्मरणशक्ती आधीच्या वर्षांतही इतरांपेक्षा भराभर उतरत होती. स्ट्रोकनंतर जे वाचले नाहीत, त्यांचा उतार तर वाचलेल्यांपेक्षाही तीव्र होता. म्हणजे स्मरणाची पातळी किती खाली आली, एवढंच बघून भागत नाही. उतरण्याचा वेगही बघावा लागतो. आठ-दहा वर्षांत हळूहळू विसराळू झालेला माणूस आणि दीड वर्षात कपड्यांची बटणं लावायचं विसरलेला माणूस, यांच्या पुढच्या वाटचालीत बराच फरक पडतो.

असं का होतं? बऱ्याच वृद्धांत घसरण आणि लकवा यांचं मूळ एकच असतं. वर्षानुवर्षं वाढलेला रक्तदाब, मधुमेह आणि तंबाखू मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्या जाड आणि कडक करतात. आतल्या पांढऱ्या भागाला रक्त कमी पडतं, तिथे न जाणवणारे छोटे छोटे झटके येऊन जातात, चाल मंद होते, विचाराला वेळ लागतो. एमआरआयवर हे पांढऱ्या ढगांसारखं दिसतं. मोठी गुठळी अडकते त्या दिवशी अशा मेंदूजवळ दुसऱ्या वाटेनं काम निभावून न्यायची शिल्लक थोडी असते. काही जणांत अल्झायमरचा भागही असतो. तिथे वाहिन्यांच्या भिंतीत अमायलॉइड नावाचं प्रथिन साठून त्या ठिसूळ होतात आणि रक्तस्रावाची भीती वाढते. त्याशिवाय ही माणसं वयानं मोठी, वजनानं उतरलेली, हृदयाचे ठोके अनियमित असलेली अशी असतात. नुसत्या मृत्यूच्या आकड्यांत हे सगळं एकत्र येतं.

म्हणूनच कॅनडात २०११ मध्ये आलेला एक अभ्यास मी शिकाऊ डॉक्टरांना आवर्जून वाचायला लावतो. त्यात डिमेन्शिया असलेले आणि नसलेले स्ट्रोकचे रुग्ण वय, झटक्याची तीव्रता, इतर आजार अशा बाबतींत जोडीजोडीनं जुळवले. तसं जुळवल्यावर मृत्यू आणि घरी जाताना राहिलेलं अपंगत्व यांत दोन गटांत फारसा फरक उरला नाही. गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन दिलेल्यांतही मेंदूत रक्तस्रावाचं प्रमाण जास्त आढळलं नाही. याचा अर्थ डिमेन्शिया निरुपद्रवी आहे असा नाही. जुळवताना त्याच्यासोबत येणारी बरीच संकटं बाजूला काढली गेली, हे विसरायचं नाही. पण ‘डिमेन्शिया’ हा एक शब्द फाइलवर दिसला म्हणून हात आखडता घेणं चूक आहे, हे त्यातून नक्की निघतं.

एक उलटी बाजूही सांगून ठेवतो, घरच्यांना ती सहसा कुणी सांगत नाही. मोठ्या झटक्यानंतर मेंदूला सूज येते आणि तरुण रुग्ण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्या सुजेनंच जातात, कारण कवटीत जागा नसते. ज्याचा मेंदू आधीच आक्रसला आहे, त्याच्या कवटीत सुजेला जागा मिळते. आप्पा सहाव्या दिवसापर्यंत शुद्धीवर आहेत, तर हा धोका बहुतेक टळला असं समजा. यापुढची लढाई फुप्फुस, मूत्राशय, कातडी आणि घास गिळणं यांची आहे.

दीर आणि तुमच्यातला वाद आधी मिटवू. इंदूरच्या मराठी घरांत हे मी सतत पाहतो: मुलगा पुण्यात, बंगळुरात किंवा परदेशात, रविवारी दहा मिनिटं व्हिडिओ कॉल, आणि त्या दहा मिनिटांत आप्पा नीट बोलतात, जुने किस्से रंगवतात. जुनं शेवटपर्यंत टिकतं, त्यामुळे फोनवर काही कळत नाही. कळतं ते एकाच छताखाली राहणाऱ्याला. यासाठी अँथनी जॉर्म यांनी १९८९ मध्ये एक प्रश्नावली मांडली, तिला आयक्यूकोड म्हणतात. रुग्णाला काही विचारायचं नाही, जवळच्या माणसाला विचारायचं. दहा वर्षांपूर्वीच्या तुलनेत आज घरातल्या वस्तू कुठे आहेत हे आठवणं, पैशांचा व्यवहार, नवीन यंत्र शिकणं, गेल्या आठवड्यातल्या गोष्टी सांगणं कसं आहे? बरंच सुधारलं तर १, तसंच असेल तर ३, फारच बिघडलं तर ५. सरासरी ३ च्या वर जितकी सरकेल तितकी घसरण जास्त. साडेतीनच्या आसपास गेली की आम्ही कान टवकारतो.

हे भरताना दोन पथ्यं पाळा. लकव्याच्या आदल्या महिन्यातली स्थिती डोळ्यांसमोर आणा, आजची नाही. आणि तुम्ही व सासूबाईंनी वेगवेगळं बसून भरा. सासूबाई बहुधा कमी सांगतील. नवऱ्याचं उणं झाकण्याची सवय पन्नास वर्षांची असते. दोन्ही कागद डॉक्टरांपुढे ठेवा. आप्पांची ऐकण्याची अडचण, थायरॉइड, बी-१२ ची कमतरता, उदासी यांपैकी काही तपासलं होतं का तेही सांगा, कारण यातलं काही सुधारण्याजोगं असलं तर ‘डिमेन्शिया’ हा शिक्काच डगमगतो.

आता मुख्य गोष्ट, गिळणं. लकव्यात घशाचे स्नायू ढिले पडतात. त्यात घसरण झालेला माणूस तोंडात घास आहे हेच विसरतो, किंवा घाईनं पुढचा घेतो. अन्न-पाणी श्वासनलिकेत उतरतं आणि न्यूमोनिया होतो. ठसका लागेलच असंही नाही. काही जणांना काहीच होत नाही, फक्त बोलताना आवाज ओला, घरघरता येतो आणि संध्याकाळी ताप चढतो. म्हणून गिळण्याची तपासणी झाल्याशिवाय तोंडातून काही द्यायचं नाही, गंगाजल नाही, चहात बुडवलेलं बिस्किटही नाही. माझ्या अनुभवात वॉर्डातले बरेचसे न्यूमोनिया रात्री, पडल्या पडल्या, प्रेमानं भरवलेल्या चमच्याभर पाण्यानं येतात.

तपासणीत तोंडानं द्यायला हरकत नाही असं निघालं, तर सरळ बसवून, हनुवटी किंचित खाली, चांगल्या बाजूनं छोटा घास. गिळला हे बघून दुसरा. जेवल्यावर अर्धा तास तसंच बसवून ठेवायचं. भेटायला येणारे नातेवाईक पोहे आणतीलच, इंदूर आहे शेवटी, पण पोहे आणि शेव या दोन्ही गोष्टी अशा घशासाठी वाईट. दाणे सुटे होतात आणि भलतीकडे जातात. वरणाचं पातळ पाणीही नको. मऊसर खिमटी, घट्ट दही, कुस्करलेलं केळं, सैल शिरा चालतो. आणि दिवसातून दोनदा दात, जीभ, गाल आतून स्वच्छ करा. तोंडातले जंतू कमी असले की चुकून आत गेलेला थेंब तेवढा घातक ठरत नाही. याला खर्च शून्य आहे आणि बहुतेक ठिकाणी हे होत नाही.

गिळता येतच नसेल तर नाकातून नळी. पहिल्या काही आठवड्यांसाठी ती घालायला माझी हरकत नाही. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, लकव्याच्या रुग्णांवरच्या ‘फूड’ नावाच्या मोठ्या चाचणीत लवकर नळीनं अन्न दिल्यावर मृत्यू थोडे कमी दिसले, पण वाचलेल्यांपैकी बरेच जण गंभीर अपंगत्वासह राहिले. पोटातून थेट घालायच्या नळीचा पहिल्या दोन-तीन आठवड्यांत तर फायदाच दिसला नाही. आप्पांची आधीची घसरण मध्यम असेल तर नाकातली नळी ठेवून दोन-तीन आठवडे वाट पाहणं योग्य. पण एखादा माणूस लकव्याआधीच माणसं ओळखत नव्हता, कपड्यांत शी-शू होत होती, अशा वेळी पोटातल्या नळीनं आयुष्य वाढतं असं कुठे दिसलेलं नाही. तिथे हातानं, सावकाश, जेवढं जाईल तेवढं भरवणं हाच मार्ग जगभरातले वार्धक्यतज्ज्ञ सुचवतात. नळी ओढू नये म्हणून हात पलंगाला बांधणं मला पाहवत नाही. त्यानं माणूस आणखी बिथरतो.

बिथरण्यावरून आठवलं. रात्री आप्पा एकदम ओरडतात, नळ्या ओढतात, दिवसा झोपून राहतात, असं होत असेल तर त्याला डिमेन्शिया वाढला असं समजू नका. हे डेलिरियम, तात्पुरता भ्रम. स्ट्रोकनंतर साधारण चारातल्या एकाला होतो, आधीची घसरण असलेल्याला जास्त, आणि तो झालेल्यांत मृत्यूही जास्त दिसतात. त्यामागे बहुतेक वेळा साधं कारण सापडतं: तुंबलेली लघवी, चार दिवसांची बद्धकोष्ठता, ताप, कमी पडलेलं पाणी, झोपेची नवी गोळी. ते शोधायला सांगा. शांत करण्यासाठी मानसोपचारातली औषधं सरसकट लिहिली जातात. डिमेन्शियाच्या वृद्धांत त्यांनी मृत्यू वाढतात असा इशारा अमेरिकेच्या औषध नियामकानं २००५ मध्येच दिला आहे. अगदी नाइलाज असेल तेव्हा, थोड्या मात्रेत आणि थोडे दिवस, एवढंच.

त्याऐवजी चष्मा लावा, कानाचं यंत्र घाला, दिवसा पडदे उघडे, रात्री दिवे मंद. जवळ एक-दोनच ओळखीची माणसं आलटून पालटून. दर दोन तासांना नवा चेहरा नको. आणि मराठीत बोला. इथल्या रुग्णालयात सगळा कारभार हिंदीत चालतो, सिस्टर ‘बाबूजी, हाथ उठाइए’ म्हणते आणि आप्पा नुसते बघत राहतात. फाइलवर लिहिलं जातं की सांगितलेलं समजत नाही. तुम्ही कानाशी ‘आप्पा, हात वर करा’ म्हणून बघा. भ्रमात आणि बोलणं गेलेल्या अवस्थेत पुष्कळ माणसं लहानपणच्या भाषेलाच आधी ओ देतात. त्या शेऱ्यावर पुढचे निर्णय ठरत असतात, म्हणून ही गोष्ट डॉक्टरांना तिथल्या तिथे दाखवा.

दोन भाषांचा विषय निघालाच आहे तर सुवर्णा अल्लाडी यांच्या चमूचं हैदराबादमधलं काम सांगण्यासारखं आहे. २०१६ मध्ये त्यांनी सहाशेवर स्ट्रोकच्या रुग्णांची नोंद तपासली. दोन भाषा वापरणाऱ्यांत बुद्धी शाबूत राहिलेले ४०.५ टक्के निघाले, एकच भाषा वापरणाऱ्यांत १९.६ टक्के. घरात मराठी आणि बाहेर हिंदी असं आयुष्य काढलेल्या इंदूरकरांना हे वाचून बरं वाटेल. मात्र ही मोजणी बुद्धीची होती, आयुष्याची नव्हती.

लघवीची नळी गरज संपताच काढायला लावा. दर दोन तासांनी कूस बदला. पहिल्या २४ तासांत जबरदस्तीनं फार उठवण्याचा फायदा नसतो, उलट नुकसान होऊ शकतं, हे २०१५ च्या ‘अव्हर्ट’ नावाच्या चाचणीनं दाखवलं. पण आता सहावा दिवस आहे, आता बसवणं आणि व्यायाम हवाच. स्मरण अधू असलं तरी हातापायांची सवय शिकता येते. एका वेळी एकच हालचाल, रोज त्याच वेळी, त्याच क्रमानं. ‘यांना काही लक्षात राहत नाही, फिजिओथेरपीचा काय उपयोग’ असं कुणी म्हणालं तर मानू नका.

घरी गेल्यावर गोळ्या कोण देणार हे ठरवून जा. आधी आप्पा स्वतः घेत होते ना? मग रक्तदाबाची गोळी कित्येकदा चुकली असणार, आणि कदाचित लकव्याचं एक कारण तेच. हृदयाचे ठोके अनियमित असतील तर रक्त पातळ ठेवणारं औषध लागतं. विसराळू माणसाला ते देणं जोखमीचं म्हणून बरेच डॉक्टर टाळतात. देणारं माणूस घरात ठरलेलं असेल आणि स्कॅनवर मेंदूत जुन्या रक्तस्रावाच्या खुणा नसतील, तर टाळण्याचं कारण राहत नाही. हे विचारा. कुणी तरी राजस्थानातल्या बुटाटीच्या देवस्थानाला न्यायला सुचवेलच, आपल्याकडे लकवा म्हटलं की नागौरची ती वाट आठवतेच. श्रद्धेशी माझं भांडण नाही. पण गिळता न येणाऱ्या माणसाला पहिल्या महिन्यात एवढा लांबचा प्रवास नको, आणि नंतर गेलात तरी गोळ्या सोबत न्या.

दुसरा झटका आला तर तो ओळखायला तुम्हाला अवघड जाईल, कारण आधीच विसरणाऱ्या माणसाचा नवा गोंधळ त्याच खात्यात टाकला जातो. विसरणं महिन्यांनी वाढतं. सकाळच्या चहाला ठीक असलेल्या माणसाचं जेवणाच्या वेळी तोंड वाकडं होतं, तो शब्द चुकवतो, एका हातातून भांडं सोडतो, तर तो झटकाच. १०८ ला फोन करा आणि शेवटचे नीट कधी दिसले ती वेळ लक्षात ठेवा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन सहसा साडेचार तासांच्या आतच देता येतं. आधीचा विसराळूपणा हा एकटा ते नाकारण्याचं कारण होत नाही, पण नुकताच स्ट्रोक होऊन गेला असेल तर ते देता येईलच असं नाही. तो निर्णय डॉक्टरांचा. तुमचं काम वेळेत पोहोचण्याचं.

किती जगतील, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण प्रश्नाच्या मागे तेच आहे. माझं मत सांगतो. पहिल्या महिन्यात झटक्याची तीव्रता, शुद्ध आणि गिळणं यांचं वजन स्मरणापेक्षा जास्त असतं. त्यापुढे पारडं फिरतं. आधीची घसरण किती आणि किती वेगानं होती, यावर पुढची दोन-तीन वर्षं ठरतात. तुमच्या वर्णनावरून आप्पा हिशेब चुकत होते, पण आंघोळ, जेवण, मंडईची फेरी स्वतः करत होते. ही सौम्य ते मध्यम पायरी. अशा माणसासाठी मी पूर्ण उपचार करतो, आणि तुम्हीही तोच आग्रह धरा. आयसीयूतल्या डॉक्टरांशी भांडू नका. ‘लकव्याच्या आधी ते काय काय स्वतः करत होते’ याची अर्ध्या पानाची यादी त्यांच्या हातात द्या. मत बदलतं, मी पाहिलं आहे.

महिनाभरात गिळणं परतलं नाही, शुद्ध हरपत गेली, न्यूमोनिया पुन्हा पुन्हा झाला, तर मात्र व्हेंटिलेटर लावायचा की नाही हे घरात आधीच बोलून ठेवा, पुण्याच्या दीरांना सामील करून. आप्पांनी पूर्वी कधी काही म्हटलं होतं का तेही आठवा. आपल्याला सांगता येईनासं झाल्यावर उपचार कुठवर चालवावेत हे आधीच लिहून ठेवण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये मान्य केला आणि २०२३ मध्ये त्याची पद्धत सोपी केली. नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर ते करता येतं. आप्पांना ते आता जमणार नाही, सासूबाईंना जमेल.

स्मरणाची नवी चाचणी वॉर्डात करू देऊ नका. तीन महिन्यांनी, भ्रम उतरल्यावर, मराठीत करून घ्या. ऑक्सफर्डच्याच २०१९ च्या अभ्यासात तीव्र स्ट्रोकनंतर वर्षभरात सुमारे ३४ टक्के जणांना नव्यानं डिमेन्शिया झाला, सौम्य स्ट्रोकनंतर ८ टक्क्यांना. आप्पांचा आकडा यांत बसवायचा तर आधीची स्थिती कागदावर हवी. म्हणून आयक्यूकोडचे ते दोन कागद हरवू नका, डिस्चार्ज कार्डालाच टाचून ठेवा.